जुन्या बंदुकांची झीज आणि ती थांबवणारे सुटे भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत येऊन जुन्या लष्करी बंदुकांचा नाद लागलेली मराठी मंडळी बरीच आहेत. मी त्यांतलाच एक. राहायला ओहायोत, त्यामुळे लेक एरीच्या काठावरचं कँप पेरी हे नेमबाजीचं मैदान जवळ, आणि दर उन्हाळ्यात तिथल्या गॅरंड स्पर्धेला हजेरी ठरलेली. सगळ्यांना पडणारे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. भर एम-वन गॅरंड या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी रायफलीवर आहे, कारण निम्मे प्रश्न तिच्याबद्दलच येतात.

१. "आफ्टरमार्केट" भाग म्हणजे नक्की काय? डुप्लिकेट माल का?

नाही. बाजारात तीन प्रकारचे भाग मिळतात. पहिला, लष्कराच्या गोदामातून उरलेला जुना अस्सल भाग. दुसरा, त्याच मापाने आज बनवलेली नक्कल. तिसरा, मूळ बंदुकीत कधी नव्हताच असा भाग: दाब कमी-जास्त करता येणारा गॅस प्लग, पिस्तुलातला बफर, नळीच्या तोंडावरची साफसफाईची गाइड. हे पान मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे, जोडीला नव्या स्प्रिंगा. माझी कसोटी एकच. भाग बसवताना कानस, ड्रिल किंवा वेल्डिंग लागत असेल तर तो माझ्या बंदुकीला लागणार नाही. काढला की बंदूक होती तशी व्हायला हवी.

२. ऐंशी वर्षं टिकलेली रायफल आता काय झिजणार?

ती टिकली कारण तिच्यामागे पूर्ण शस्त्रागार उभं होतं. जॉन गॅरंड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत घडवलेली ही रायफल १९३६ साली अमेरिकी सैन्यात आली आणि १९५७ पर्यंत बनत राहिली. एकूण पन्नास लाखांच्या वर. सैन्यात एखादा भाग झिजला की आर्मरर (सैन्याचा शस्त्रदुरुस्तीवाला) तो फेकून नवा बसवायचा, पेट्या भरून पडलेल्या असायच्या. त्या पेट्या आता रिकाम्या होत आल्या आहेत. म्हणजे बंदूक तीच, सवय तीच, पण पाठीशी गोदाम नाही. दहा डॉलरची स्प्रिंग वेळेवर बदलली नाही, तर पुन्हा न मिळणारा भाग मार खातो. झीज होणारच आहे, ती कुठे व्हावी हे आपण ठरवायचं.

३. गॅरंडमध्ये आधी काय तपासू?

ऑप रॉड आणि त्याची स्प्रिंग. ऑप रॉड म्हणजे गॅसचा धक्का खाऊन मागे जाणारा आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) उघडणारा लांब दांडा. त्याच्या पुढच्या टोकाला पिस्टन असतो. नव्या पिस्टनचा व्यास ०.५२६ इंच. मायक्रोमीटर लावा. ०.५२५ च्या खाली गेला असेल तर गॅस बाजूने निसटतो आणि रायफल अडखळू लागते. गॅस सिलिंडरचं आतलं माप ०.५३२ च्या वर गेलेलं नको. आपल्याकडच्या वर्कशॉपच्या भाषेत बोलायचं तर दोन-चार थाऊंचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांचा, खेळ आहे, डोळ्यांना दिसत नाही. मोजावंच लागतं.

स्प्रिंग बाहेर काढून टेबलावर मोकळी ठेवा आणि टेप लावा. नवी स्प्रिंग वीस इंचांच्या थोडी वर भरते. एकोणिसाच्या आसपास उतरली असेल तर बदला. हातात आलेल्या बहुतेक गॅरंडांमध्ये हीच दुरुस्ती सगळ्यात आधी लागते आणि सगळ्यात स्वस्त पडते.

नळीचा घसा (गोळी नळीत शिरते तो भाग) किती झिजलाय ते गेजने कळतं. नवी नळी १ च्या जवळ दाखवते. आकडा ५ च्या आत असेल तर सरावाच्या नेमबाजीला अडचण नसते. नळीच्या तोंडाची झीज वेगळी, ती बहुतेक वेळा आपणच केलेली असते. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

४. दुकानात मिळणारं कुठलंही .३०-०६ काडतूस चालेल का?

.३०-०६ हे गॅरंडचंच काडतूस, तेव्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस राहतं त्या जागेत, बसेल. पण बसणं वेगळं आणि मानवणं वेगळं.

गॅरंडच्या नळीतलं गॅसचं भोक तोंडापासून जेमतेम दीड इंचावर आहे. लष्कराच्या एम-टू काडतुसात दीडशे ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आसपासची गोळी आणि मध्यम वेगाने जळणारी दारू असायची. गोळी त्या भोकापाशी पोचेपर्यंत दाब बराच उतरलेला असे. शिकारीसाठी बनवलेल्या आजच्या काडतुसांत गोळी जड आणि दारू सावकाश जळणारी, म्हणून भोकापाशी दाब अजून चढाच असतो. तो धक्का थेट ऑप रॉडला बसतो. रॉड फार वेगाने मागे येऊन रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्यावर) आपटतो, आणि अशा शेकडो आपटण्यांनंतर वाकू शकतो.

सरळ उपाय म्हणजे डब्यावर स्पष्ट "एम-वन गॅरंड" लिहिलेली काडतुसं घेणं. हॉर्नडी आणि फेडरल अशी काडतुसं बनवतात. घरी काडतुसं भरणारे बहुतेकजण ४८९५ किंवा ४०६४ नंबरच्या दारूवर राहतात आणि १८० ग्रेनच्या वर जात नाहीत. एवढं पाळलं तर पुढच्या प्रश्नातल्या प्लगची गरजच पडत नाही. माझी पहिली गॅरंड आजही मूळ प्लगवरच चालते.

५. अॅडजस्टेबल गॅस प्लग कसं काम करतो, आणि तो कसा जुळवायचा?

गॅस सिलिंडरच्या पुढच्या तोंडाला एक मोठा स्क्रू असतो, तोच गॅस प्लग. मूळ प्लग तोंड पूर्ण बंद करतो. अॅडजस्टेबल प्लगला मधोमध एक वाट असते आणि ती कमी-जास्त उघडणारा छोटा स्क्रू असतो. जादा गॅस त्या वाटेने पुढे बाहेर पडतो आणि रॉडला हवा तेवढाच धक्का बसतो. शूस्टरचा प्लग असा आहे. मॅकॅनचा प्रकार वेगळा: वेगवेगळ्या मापाच्या भोकांचे स्क्रू असतात, त्यांतला आपल्या काडतुसाला जुळणारा निवडायचा.

जुळवायची रीत अशी. रायफल रिकामी असताना छोटा स्क्रू पूर्ण सैल करा, म्हणजे जवळजवळ सगळा गॅस बाहेर जाईल. मग रेंजवर, बंदुकीचं तोंड लक्ष्याकडे ठेवून, क्लिपशिवाय (गोळ्या एकत्र धरणारी पट्टी) एकच गोळी चेंबरमध्ये हाताने बसवा. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बोल्ट सोडून देऊ नका. हँडल हातात धरून तो सावकाश पुढे न्या. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते, मागे धरून ठेवणारी स्प्रिंग तिला नाही. बोल्ट जोरात आपटला तर चाप न दाबता गोळी सुटू शकते.

पहिली गोळी उडाली की बोल्ट उघडणारच नाही किंवा अर्धवट उघडेल. स्क्रू पाव आटा आत घ्या, पुन्हा एक गोळी. असं करत करत एका गोळीनंतर रिकामी पुंगळी नीट बाहेर पडते आणि बोल्ट मागे अडकून राहतो. तिथून पाव ते अर्धा आटा आणखी आत घ्या, म्हणजे थंडीत किंवा थोड्या मळलेल्या रायफलीतही काम अडणार नाही. मग लॉक स्क्रू आवळा आणि आठ गोळ्यांची भरलेली क्लिप चालवून पाहा. पुंगळ्या कुठे पडतात ते बघत राहा. आधी त्या पुढे लांब फेकल्या जात असतील, तर आता उजव्या हाताला जवळच, साधारण एकाच जागी पडू लागतील. मला पहिल्यांदा ते जमलं तेव्हा आठही पुंगळ्या एका टोपीत मावतील इतक्या जागेत पडल्या होत्या. रायफल खांद्यावरही वेगळी वाटते, कारण शेवटचा तो कडक ठोका नाहीसा होतो.

काडतूस बदललं की हे सगळं पुन्हा करायचं. तेल-ग्रीस प्लगला लावू नका, ते जळून चिकटतं.

६. प्लग लावला म्हणजे आता कितीही जोराचं काडतूस चालेल ना?

नाही. हा गैरसमज धोक्याचा आहे. प्लग फक्त ऑप रॉडवरचा दाब कमी करतो. चेंबरमधला दाब आहे तेवढाच राहतो, आणि तो बोल्ट, रिसीव्हर आणि तुमच्या चेहऱ्याजवळच्या सगळ्या लोखंडाला झेलावा लागतो. काडतुसाची मर्यादा प्रश्न ४ मध्ये आहे तीच.

मूळ प्लग मात्र जपून ठेवा. अनेकांवर फुलीसारखी खाच असते आणि आत स्प्रिंगवर बसलेली एक छोटी झडप असते. रायफल ग्रेनेड डागताना लाँचरचा खुंट ती झडप दाबून उघडायचा आणि गॅस बाहेर सोडायचा, म्हणजे त्या जोराच्या काडतुसाने ऑप रॉड मोडू नये. जादा गॅस पुढून सोडायची युक्ती सैन्याने तेव्हाच वापरली होती.

७. ऑप रॉड वाकडा दिसतोय. लोहाराकडून सरळ करून घेऊ का?

मुळीच नको. तो मुद्दाम वाकडा बनवलेला आहे, नळीच्या कडेने जाता यावं म्हणून. सरळ केला की गेला.

तपासायचं असेल तर स्प्रिंग काढा, रॉड आणि बोल्ट रिसीव्हरमध्ये बसवा आणि रायफल पुढे-मागे तिरकी करा. रॉड स्वतःच्या वजनाने सुरळीत घसरला पाहिजे. कुठे अडकला तर तिथे खरोखर वाकलाय किंवा घासतोय. मग गनस्मिथ, म्हणजे बंदूक दुरुस्त करणारा कारागीर, गाठा.

जुन्या रॉडच्या मागच्या भागात, हँडलजवळ, एक काटकोनी खाच असते. तिथे तडे जायचे, म्हणून महायुद्धानंतर सैन्याने त्या कोपऱ्यात अर्धगोल खाच पाडून घेतली. ती न पाडलेले रॉड आज संग्राहकांना हवे असतात. तुमच्याकडे तसा असेल तर रॉडवरचा डी-३५३८२ हा क्रमांक पाहा, भिंगाने कोपरा तपासा आणि तो रॉड कापडात गुंडाळून ठेवा. नेमबाजीसाठी खाच पाडलेला दुसरा घ्या.

८. जास्त ताकदीची स्प्रिंग घातली तर झीज आणखी कमी होईल का?

एका बाजूने कमी, दुसऱ्या बाजूने जास्त. स्प्रिंग मागे येणाऱ्या भागाला थोपवते हे खरं, पण तोच जोर ती पुढे जाताना परत देते. अमेरिकी सैन्याच्या जुन्या १९११ पिस्तुलाची ठरलेली स्प्रिंग १६ पौंडांची. तिथे २० ची बसवली तर फ्रेमवरचा मार थोडा हलका होईल, पण स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) दर वेळी नळीवर आणि तिला अडवणाऱ्या स्लाइड-स्टॉपवर जास्त जोरात आपटेल. माझं मत स्पष्ट आहे: ठरलेल्या ताकदीचीच घ्या, पण नवी घ्या. वुल्फ कंपनीच्या स्प्रिंगा बहुतेक सगळ्या जुन्या बंदुकांसाठी मिळतात. १९११ मध्ये दोन-तीन हजार गोळ्यांनंतर बदलली की पुरे.

९. १९११ मध्ये तो प्लास्टिकचा बफर घालावा का?

बफर म्हणजे स्प्रिंगच्या गाइडवर बसणारी मऊ चकती. स्लाइड पूर्ण मागे आली की लोखंडावर लोखंड न आपटता मध्ये चकती येते. कल्पना चांगली आहे, पण चकती झिजते तेव्हा तिचे तुकडे होतात. माझ्या १९४३ च्या पिस्तुलात हे झालं. चारेक शे गोळ्यांनंतर स्लाइड अर्ध्यावर थांबली. उघडून पाहिलं तर चकतीची कड फाटली होती आणि निळसर चुरा स्प्रिंगच्या वेटोळ्यांत गुंतला होता. चिमट्याने एकेक कण काढायला पूर्ण संध्याकाळ गेली. चकतीच्या जाडीमुळे स्लाइडचा प्रवासही तेवढा कमी होतो. काही पिस्तुलांत शेवटच्या गोळीनंतर स्लाइड हाताने ओढून सोडली तरी मोकळी होत नाही, खटकाच दाबावा लागतो.

म्हणून कागदावर नेमबाजी करणाऱ्या जुन्या पिस्तुलात बफर चालेल, पण दर वेळी साफ करताना तो हातात घेऊन कड बघायची. फाटायला लागला की कचऱ्यात. घराच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात तो नकोच.

१०. नळी साफ करून करून खराब होते म्हणतात, खरं आहे का?

गॅरंडच्या बाबतीत अगदी खरं. तिची नळी मागून साफ करता येत नाही, रॉड तोंडाकडूनच घालावा लागतो. तो रॉड तिरका झाला की तोंडाशी असलेल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांच्या कडा घासतो, आणि नेम बिघडायला तीच जागा सगळ्यात नाजूक. नळीच्या तोंडावर बसणारी पितळी किंवा प्लास्टिकची गाइड रॉडला मधोमध धरते. या पानावरच्या सगळ्या वस्तूंत ही सगळ्यात आधी घ्या. रॉड एकसंध, प्लास्टिकचं आवरण असलेला. किंवा चेंबरकडून ओढायची दोरी वापरा, मग प्रश्नच मिटला.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची बरीचशी लष्करी काडतुसं गंज आणणाऱ्या प्राइमरची (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी) असत. त्यातलं मीठ तेलात विरघळत नाही. ती वापरली असतील तर आधी पाण्याने धुवा, कोरडं करा आणि मग तेल. गॅस सिलिंडर आणि पिस्टनही धुवा.

११. तेल लावू की ग्रीस?

गॅरंडला ग्रीस. सैन्य तिला लुब्रिप्लेट द्यायचं, छोट्या डबीत, आणि ती डबी दस्त्याच्या पोटातल्या कप्प्यात राहायची. पावसात तेल धुऊन जातं, ग्रीस टिकतं. बोल्टचा कान जिथे ऑप रॉडच्या खाचेत फिरतो तिथे, रॉड ज्या खोबणीत सरकतो तिथे, नळीच्या खालच्या बाजूला आणि हॅमर बोल्टला घासतो तिथे. पातळ थर पुरे. जिथे धातू चकचकीत झालेला दिसतो तिथे ग्रीस हवं, ही सोपी खूण. गॅस सिलिंडर मात्र कोरडा.

१२. लुगरवर सगळ्या भागांचे नंबर जुळतात. तिच्यात नवे भाग घालून किंमत घालवू का?

किंमत घालवायची नाही म्हणूनच घाला. लुगर या जुन्या जर्मन पिस्तुलाच्या छोट्या भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. त्यांतला एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) तुटला तर तो संच कायमचा फुटला. नेमबाजीच्या दिवशी एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिन दुसरे, बिननंबरचे बसवा, मूळ भाग नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. घरी आल्यावर परत जागेवर. स्प्रिंगांवर नंबर नसतो, त्या बिनधास्त बदला.

माउझर सी-९६ हे दुसरं जुनं जर्मन पिस्तूल असेल तर आधी स्प्रिंगा. शंभर वर्षं दबून राहिलेल्या स्प्रिंगेमुळे बोल्ट मागे जोरात जातो आणि बोल्ट-स्टॉप मोडू शकतो. तिच्यात ७.६२ टोकारेव्ह काडतूस बसतं, पण ते जास्त दाबाचं आहे. घालू नका.

१३. आपल्या थ्री-नॉट-थ्रीसाठी असं काही मिळतं का?

महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशकं दिसलेली ही ली-एनफिल्ड रायफल, तेव्हा प्रश्न जवळचा आहे. ली-एनफिल्डच्या नंबर ४ प्रकारात झिजेचा उपाय कारखान्यानेच ठेवला होता: बोल्टचं डोकं वेगळं निघतं आणि ते ०, १, २, ३ अशा चढत्या मापांत बनवलेलं असे. चेंबर सैल झालं की आर्मरर पुढच्या नंबरचं डोकं बसवायचा. आज ही डोकी जुन्या मालात सापडतात, पण ३ नंबरचं मिळणं कठीण. भारतात इच्छापूरच्या कारखान्यात बनलेल्या नंबर १ रायफलीत ही सोय नाही, तिथे डोक्यांवर नंबर नसतात. कुठलंही डोकं बदललं की गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस यांच्यातला खेळ) मोजायचा गेज लावून घ्या, अंदाजाने नाही.

१४. आजोबांची दुनळी बारा बोअर गावी आहे. रिकामी चाप दाबली तर काही बिघडतं का?

बिघडतं. गॅरंडला रिकाम्या चापाने सहसा काही होत नाही, पण जुन्या दुनळीच्या पिनला समोर आधार लागतो. आधार नसताना पिन मोडते किंवा तिची जागा झिजते. स्नॅप कॅप म्हणजे आत रबर किंवा स्प्रिंग असलेलं खोटं काडतूस, पिन त्याच्यावर आपटते. दोन्ही नळ्यांत एकेक घालून चाप दाबला की आतल्या स्प्रिंगाही मोकळ्या होतात.

आणखी एक. जुन्या विलायती दुनळ्यांचं चेंबर अडीच इंचांचं असू शकतं, आजची काडतुसं पावणेतीनची. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. कोकणात पीक संरक्षणाच्या बंदुका निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा होतात आणि गंजून परत येतात. जमा करण्याआधी नळीत आणि बाहेरून तेलाचा हात फिरवा, कापडी म्यानात ठेवू नका, कापड ओल धरतं.

१५. मी एच-वन-बी वर आहे. सुटे भाग मागवू शकतो का?

अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात बंदूक म्हणजे रिसीव्हर. स्प्रिंग, गॅस प्लग, ऑप रॉड टपालाने घरी येतात. पण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक आणि काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. राज्यागणिक नियमही बदलतात. विकत घेण्याआधी वकिलाला विचारा. मित्राची गॅरंड हातात घ्यायच्याही आधी.

१६. काकांच्या बंदुकीसाठी स्प्रिंग आणि स्नॅप कॅप बॅगेतून भारतात नेऊ का?

नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात "शस्त्र" या शब्दात शस्त्राचे भागही येतात, आणि ते आणायला आयात परवाना लागतो. अमेरिकेतून बाहेर नेतानाही निर्यातीचे नियम आहेत. स्नॅप कॅप तर एक्स-रेमध्ये थेट काडतुसासारखी दिसते. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेल्या रिकाम्या पुंगळीपायीही भारतातल्या विमानतळांवर लोक अडकले आहेत. काकांना त्यांच्या जिल्ह्यातल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे परवाना घेऊन जायला सांगा, दुरुस्तीही तिथेच. आणि रेंजवर वापरलेली बॅग प्रवासाला घेऊ नका. घ्यावीच लागली तर आधी उलटी करून झटका, सगळे कप्पे, शिवणीतसुद्धा.